आधी डागडुजी, मग दिमाख

वाचकहो, जिचा सारा दिवस शब्दकोश, मुद्रिते आणि इतर भाषांतील मजकुराचे मराठी रूपांतर यांत जातो, तिने मोटारगाडीच्या दुरुस्तीवर लेखणी चालवावी याचे आपणांस कदाचित नवल वाटेल. परंतु माझे बालपण कोल्हापुरात, राज्य परिवहनच्या आगारालगतच्या वस्तीत गेले. वडील तेथे यांत्रिक होते. अक्षरओळख होण्यापूर्वीच मला पान्यांचे आकडे ओळखता येत असत. पुढे मी कला शाखेची पदवी घेतली आणि नोकरीनिमित्त दिल्लीस आले, तरी ग्रीजचा वास आला की अजूनही पाय क्षणभर थबकतात. तेव्हा या विषयावर चार अनुभवाच्या गोष्टी सांगण्याचे धाडस केले, तर आपण ते गोड मानून घ्याल अशी आशा आहे.

विषय आहे तो तरुण मंडळींच्या फार आवडीच्या एका गाडीचा. तिला जगभर ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात. बांधा लहान कुटुंबाच्या गाडीचा, पाठीमागचे दार वर उघडणारे, आत चार-पाच माणसांची सोय, पण अंगी धावण्याची तडफ असलेली ही गाडी. सोमवारी ती कचेरीस नेते, मंगळवारी बाजारहाट करते आणि रविवारी घाटात चालवणाऱ्याचे मन प्रसन्न करते. अशी गाडी घरात आली की दोन प्रश्न पाठोपाठ येतात. तिच्यात आणखी काय बदल करावेत, हा पहिला. आणि ती जुनी होऊ लागली की दुरुस्त कशी ठेवावी, हा दुसरा. बहुतेक लोक याच क्रमाने विचार करतात. हा क्रम उलटा असावा, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

मूळ गाडीचा धडा

या जातीच्या गाड्यांना जिच्यामुळे जगभर नाव मिळाले, तिचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९७४ च्या सुमारास जर्मनीतील वोल्फ्सबर्ग येथील फोक्सवॅगनच्या काही मोजक्या मंडळींनी, वरिष्ठांची रीतसर मंजुरी मिळण्यापूर्वीच, आपल्या साध्या कुटुंबी गाडीचा एक चपळ अवतार घडविण्यास प्रारंभ केला. त्यांचा पहिला नमुना इतका कर्कश आणि इतका कडक होता, की तो रोजच्या वापरास योग्य वाटेना. मग त्यांनी आवाज उतरविला, कडकपणा कमी केला, आणि सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ‘गोल्फ जीटीआय’ लोकांपुढे ठेवली. १९७६ मध्ये विक्री सुरू झाली. इंजिन १,५८८ घन सेंटिमीटरचे, शक्ती ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोच्या आसपास. सुमारे ५,००० गाड्या काढाव्यात असा मूळ बेत होता. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. त्याच वर्षी फ्रान्समध्ये रेनो ५ अल्पीन आली, आणि १९८४ मध्ये प्यूजो २०५ जीटीआयने या प्रकाराची लोकप्रियता आणखी वाढविली.

परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अश्वशक्तीची नव्हे. त्या अभियंत्यांनी इंजिन बदलले, तसेच पुढच्या चाकांना हवा खेळती राहील असे डिस्क ब्रेक बसविले, टायर रुंद केले, गाडी किंचित खाली आणली आणि वळणावर ती कलंडू नये म्हणून सस्पेन्शन सुधारले. म्हणजे जेवढे बळ वाढविले, तेवढाच आवरण्याचा बंदोबस्तही केला. हॉट हॅचबॅक ही मुळातच विचारपूर्वक बदल केलेली कुटुंबाची गाडी आहे. तिचा जीव आहे तो या तोलात. तो ढळू दिला तर गाडी वेगवान राहील, पण चांगली राहणार नाही.

आपल्या देशातही या गाड्यांचा परिचय आता नवा नाही. पुण्याजवळील चाकण येथे पोलो तयार होत असे. तिची ‘जीटी टीएसआय’ ही चपळ आवृत्ती २०१३ मध्ये आली, आणि २०२२ मध्ये पोलोचे भारतातील उत्पादन थांबले. रांजणगाव येथे तयार झालेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली. तीही आता मिळत नाही. टाटांनी २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर आणली. यांतल्या बंद झालेल्या गाड्यांचे मालक देशभर आहेत, आणि ज्याची गाडी पुन्हा बाजारात येणार नाही, त्याच्यासाठी डागडुजी हा निव्वळ छंद उरत नाही.

लाखभर रुपयांचा प्रश्न

माझ्या धाकट्या भावाने अशीच एक आठ वर्षे वापरलेली गाडी पुण्यात विकत घेतली. कारखान्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत त्याने लाखभर रुपये बाजूला टाकले होते. दिवाळीत मी कोल्हापूरला गेले, तेव्हा त्याने माझ्यापुढे एक यादी ठेवली: इंजिनच्या संगणकाचे रीमॅपिंग, मोठा सायलेन्सर, गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा आणि सतरा इंची चाके. “ताई, एवढे केले की गाडी कशी पळेल बघ!” तो म्हणाला.

वडील ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारले, “भाऊबीज झाली की आईला रत्नागिरीला मामाकडे कोण सोडणार?”

“मीच सोडणार, बाबा.”

“म्हणजे आंबा घाट आला. मग आधी लगाम बघू, चाबूक नंतर.”

आम्ही तिघांनी गाडी अंगणात घेतली, जॅकवर उचलून खाली आधाराला स्टँड लावले आणि चाके काढली. टायरांची नक्षी दिसायला उत्तम होती. परंतु त्यांच्या कडेवर ‘३८१७’ हे चार आकडे होते. म्हणजे टायर २०१७ सालच्या अडतिसाव्या आठवड्यात तयार झालेले. नक्षीच्या बुडाशी बारीक भेगा पडलेल्या. ब्रेकचे तेल चहासारखे काळपट झाले होते. पुढच्या डाव्या लोअर आर्मचा बुश फाटला होता. गाडी तर झोकात धावत होती! विकणाऱ्याने फसविले असेही म्हणता येत नव्हते, कारण यांतले काहीच चालवताना चटकन जाणवणारे नव्हते. भाऊ बराच वेळ त्या टायरापाशी उकिडवा बसून राहिला. मग त्याने खिशातून यादी काढली आणि पेन मागितले.

लगाम : टायर आणि ब्रेक

त्या दिवशी जी नवी यादी तयार झाली, तीच येथे क्रमाने देते.

पहिला मान टायरांचा. गाडीचे सारे बळ आणि सारा लगाम रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या चार ठिकाणांतून जातो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद होतो. पावसाळी प्रदेशात त्याच्या बऱ्याच आधी बदलावा. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा. मोठे टायर बसविण्याची हौस असेल तर आधी गणित मांडावे. ‘१८५/६० आर १५’ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटर, आणि रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंत दोन्ही बाजूंस असल्याने एकूण व्यास ६०३ मिलिमीटर होतो. त्याऐवजी ‘२०५/५५ आर १५’ घेतला तर व्यास ६०६.५ भरतो, फरक एक टक्क्याहूनही कमी. ‘१९५/५५ आर १६’ घेतला तर तो सुमारे ६२१ भरतो. फरक तीन टक्के. तीन टक्क्यांपलीकडे गेल्यास वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. रिमची रुंदी त्या टायरास जुळते का आणि पूर्ण वळण घेताना टायर मडगार्डला घासतो का, हेही पाहावे. टायरावरील भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर मूळ टायरापेक्षा कमी प्रतीचे असता कामा नये.

दुसरा मान ब्रेकचा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. ओलावा मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांबलचक घाट उतरताना ब्रेक तापतात, तेलात वाफ धरते, आणि वाफ दाबली जात असल्याने पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. हा प्रसंग टाळण्यासाठी लागणारा खर्च एका कुटुंबाच्या हॉटेलातील जेवणाहून फारसा अधिक नाही. दर दोन वर्षांनी तेल बदलावे. डॉट ५ हे सिलिकोनचे तेल निराळे असते. ते डॉट ३ वा डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नये. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. त्याहून पातळ डिस्कवर नवे पॅड बसविणे व्यर्थ होय.

येथे शाळेतील एक नियम आठवावा. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलो तर वेग सव्वापट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. म्हणून ज्यास वेग वाढवावयाचा आहे, त्याने ब्रेक त्याहून जास्त सुधारले पाहिजेत.

सांधे : सस्पेन्शन

गाडी सैल, बोजड वाटू लागली की पुष्कळ जण इंजिनास दोष देतात. खरे पाहता बुश, लिंक, शॉकॲब्सॉर्बर आणि त्यांच्या वरचे रबरी माउंट झिजलेले असतात. आमच्या गाडीचे दोन्ही लोअर आर्मचे बुश आणि स्टॅबिलायझरच्या लिंक बदलून चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, तेव्हा भाऊ एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “ताई, ही माझीच गाडी आहे ना?” एका अश्वशक्तीचीही भर न घालता त्याला त्याची हौस मिळाली होती. बुश आणि शॉकॲब्सॉर्बर नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा नि एक जुना ठेवल्यास गाडी एका बाजूस ओढते.

गाडी खाली आणण्याविषयी दोन शब्द. आपल्याकडील गतिरोधक सर्वत्र एकाच मापाचे नसतात. मागे दोन माणसे आणि डिकीत सामान असताना खाली आणलेली गाडी पोटावर घासते, हे पैसे देण्यापूर्वी डोळ्यांपुढे आणावे. स्प्रिंग कापून गाडी खाली करणे हा तर शुद्ध वेडेपणा होय. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक लोंबकळताच आपल्या बैठकीतून निसटू शकते.

श्वास : इंजिन

आता इंजिन. आजच्या बहुतेक चपळ गाड्यांत टर्बो असतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोराने तो फिरतो आणि ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमध्ये थंड केली जाते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखांच्या घरात फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून इंजिन ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच आणि वेळेवर घालावे. घाट चढून किंवा भरधाव येऊन गाडी थांबविली की ती लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू द्यावी, म्हणजे टर्बोतील तेल जळून त्याचा कोळसा होत नाही.

ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यांत आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही. त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साचते. सकाळी इंजिन थरथरू लागले, ओढ मंदावली, तर ही काजळी, जुने स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल यांचा विचार आधी करावा. ‘माझी गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, रीमॅप करून द्या,’ असे सांगणारे अनेक मालक वस्तुतः दुरुस्तीच मागत असतात. त्यांना तिचे नाव ठाऊक नसते.

रीमॅप म्हणजे इंजिनच्या संगणकातील कोष्टके बदलणे. टर्बोत किती दाब भरावा, किती पेट्रोल द्यावे, ठिणगी केव्हा टाकावी, हे तो संगणक ठरवितो. टर्बोच्या इंजिनात यामुळे शेकडा २० ते ३० पर्यंत शक्ती वाढू शकते. टर्बो नसलेल्या इंजिनात लाभ फार थोडा. परंतु मूळ कारखान्याने जी शिल्लक राखून ठेवलेली असते, तीच येथे खर्च होते. उन्हाळ्यातील ४५ अंशांचे ऊन, हलके पेट्रोल, तुंबलेला एअर फिल्टर, या साऱ्यांसाठी ती शिल्लक असते. युरोपातील ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेले कोष्टक आपल्या पंपावरील पेट्रोलवर चालविले तर इंजिन नॉक करू लागते, म्हणजे ठिणगीच्या ज्वालेची वाट न पाहता सिलिंडरातील मिश्रण आपोआप पेट घेते, आणि हे फार काळ चालल्यास पिस्टनला इजा होते. आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉल नॉकिंगला आळा घालते हे खरे. पण त्यात उष्णता पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवतेच असे नाही. क्लचचाही विचार हवा. कोरड्या दुहेरी क्लचच्या काही गिअरबॉक्सना २५० न्यूटन-मीटरपर्यंतचाच जोर पेलतो. इंजिनाचा जोर त्यापलीकडे नेला तर बिल क्लचचे येते.

कायद्याचे कलम

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, नियमबाह्य बदलास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे, कानठळ्या बसविणारा सायलेन्सर लावणे, एअरबॅग असलेले स्टीअरिंग काढून शर्यतीचे बसविणे, यांना हात लावू नये. बदल विमा कंपनीस कळविलेला नसेल, तर अपघातानंतर भरपाईचा वाद उभा राहतो. त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला वाद घालण्याचे त्राण नसते.

वही आणि हात

घरी काम करणाऱ्यांस काही सूचना. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. स्टँड हवेतच, आणि जमीन सपाट व टणक हवी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. चाकांचे बोल्ट अंदाजाने न आवळता पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत आणि थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावेत. ब्रेकचे काम स्वतः केले तरी ते जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. सुटे भाग घेताना भागाचा क्रमांक ताडून पाहावा. वेष्टन हुबेहूब असले तरी आतला माल अस्सल असतोच असे नाही.

आणि एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, काय बदलले, कोठून आणले, पुढे काय करावयाचे, एवढे लिहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि आठ दिवस चालवून पाहावा. मुद्रित तपासताना आम्ही एका वाचनात अक्षरे पाहतो, दुसऱ्यात अर्थ. दोन्ही एकदम पाहू गेले की दोन्ही निसटतात. गाडीचेही तसेच आहे. टायर, स्प्रिंगा आणि रीमॅप एकाच दिवशी केले, तर नंतर येणारा आवाज कोणाचा हे कळणे कठीण होते.

भावाच्या लाखातून टायर, ब्रेकचे तेल आणि पॅड, बुश, लिंक, प्लग आणि काजळीची सफाई एवढे झाले आणि काही रक्कम उरली. रीमॅपची ओळ त्याने खोडलेली नाही. वहीच्या शेवटच्या पानावर ती अजून आहे. पुढच्या वर्षी क्लच तपासून, विमा कंपनीस विचारून मग ठरवू, असे त्याने शेजारी लिहिले आहे. हौस सोडावी असे मी त्याला सांगितले नाही आणि आपणांसही सांगत नाही. हौसेची पाळी कितवी, एवढेच ठरवावयाचे.

आपल्या दारी अशी गाडी असेल, तर या रविवारी पान्याची पेटी उघडण्याचीही आवश्यकता नाही. खाली वाकून चारही टायरांवरचे ते चार आकडे वाचावेत, पाचव्या जादा चाकावरचेही वाचावेत, आणि वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावेत. काम तेथूनच सुरू होते.